संप्रेरकाविना जागी राहणारी जनुके

ठाण्यातल्या पॅथॉलॉजी लॅबमधून असो वा खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातून, स्तनाच्या कर्करोगाच्या बायोप्सीचा अहवाल आला की घरातली मंडळी त्यातली ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टरची (इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा संदेश पेशीत घेणाऱ्या प्रथिनाची) ओळ आधी शोधतात. माझ्या मते तिच्याखालची पीआरची ओळ अधिक बोलकी आहे. पीआर, म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर, हे प्रथिन ज्या जनुकापासून तयार होते, ते प्रामुख्याने इस्ट्रोजेनच्या हुकमावर चालते. म्हणून पीआर सापडणे ही ईआर नुसता हजर नसून कामालाही लागला असल्याची खूण मानली जाते.

रजोनिवृत्तीनंतर लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी शरीरात इस्ट्रोजेन बनणे जवळजवळ थांबते आणि अशी जनुके मंदावतात. परंतु दीर्घ उपचारानंतर काही रुग्णांच्या पसरलेल्या कर्करोगात ईएसआर-१ या, म्हणजे ईआर ज्यापासून तयार होतो त्या, जनुकात बदल आढळतो. ईआरच्या ५९५ अमिनो आम्लांच्या साखळीत ५३७ व्या किंवा ५३८ व्या जागेवरचे एकच आम्ल बदलले, तरी रिसेप्टर संप्रेरक नसतानाही सक्रिय आकारात राहतो, आणि इस्ट्रोजेनच्या हुकमावर चालणारी जनुके इस्ट्रोजेनशिवायच चालू राहतात.

अशा वेळी रिसेप्टरच नष्ट करणारे फुलवेस्ट्रंट देता येते. एरंडेल तेल असलेले हे दाट औषध दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी २५० मिलिग्रॅम, सावकाश टोचावे लागते. त्याच्या जोडीला दिले जाणारे पाल्बोसिक्लिब (अमेरिकेत मान्यता २०१५) मात्र रिसेप्टरला हातही लावत नाही. ते पेशीविभाजनाला लागणारी जनुके दाबते आणि त्यामुळे केआय-६७ चा, म्हणजे विभाजनात गुंतलेल्या पेशींच्या प्रमाणाचा, आकडा उतरतो. हा आकडा उतरला म्हणजे ईआर गप्प झाला, असा अर्थ काढणे चूक ठरेल, कारण विभाजनाची जनुके थंडावली तरी संप्रेरकाच्या हुकमावरची जनुके जागी असू शकतात. शिवाय पेशीने आरबी हे विभाजनाला आवर घालणारे प्रथिन गमावले असेल, तर पाल्बोसिक्लिबचा लगामही चालत नाही.

ईएसआर-१ मधला बदल रक्तातल्या डीएनएवरूनही शोधता येतो आणि तो आढळल्यास एलासेस्ट्रंट या गोळीचा विचार होऊ शकतो; अमेरिकेत तिला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. कोणते जनुक किती बोलते आहे, हे मात्र त्या डीएनएच्या तपासणीतून कळत नाही. त्यासाठी बहुधा गाठीचा ताजा तुकडाच हवा. हा कर्करोग अनेकदा हाडांत पसरतो आणि हाडाचा तुकडा मऊ करण्यासाठी तीव्र आम्ल वापरले, तर जनुक किती बोलते आहे हे ज्यावरून कळते, तो त्यातला आरएनए खराब होतो. म्हणून अशी तपासणी करायची असल्यास, ईडीटीएसारखे सौम्य द्रावण वापरावे, हे लॅबला बायोप्सीपूर्वीच कळवलेले बरे.