पाहणी, पंचनामा आणि फोटो : विदर्भातल्या खेड्यांच्या नोंदीची पार्श्वभूमी

खरिपाची पेरणी आटोपली की आता वावराच्या धुऱ्यावर उभे राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर आणली आणि तिला फोटोची जोड दिली. ज्याचे पीक त्यानेच त्या पिकाचा पुरावा काढून ठेवायचा, ही व्यवस्था खेड्यात याआधी नव्हती. ती कुठून आली हे पाहायचे, तर खेड्याचे फोटो आजवर कोणी आणि कशासाठी काढले, तिथपर्यंत मागे जावे लागते.

कॅमेरा हिंदुस्थानात १८४० च्या सुमारास आला, पण खेड्यातल्या माणसासमोर तो प्रथम आला तो सरकारी कामापोटी. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघालेल्या सरकारी चित्रसंग्रहात देशभरच्या जातीजमातींचे फोटो आहेत, आणि बहुतेक फोटोंखाली माणसाच्या नावाऐवजी त्याच्या जातीचे किंवा जमातीचे नाव आहे. सेवाग्रामचे फोटो मात्र वेगळ्या वळणाचे आहेत. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला आल्यानंतर त्यांच्याच नात्यातल्या एका तरुणाला फोटो काढण्याची मुभा मिळाली, ती तीन अटींवर : फ्लॅश वापरायचा नाही, कोणाला मुद्दाम उभे राहायला सांगायचे नाही आणि आश्रमाचा पैसा घ्यायचा नाही. दुसऱ्या अटीमुळे त्या फोटोंना दस्तऐवजाची किंमत आली, असे मला वाटते. माणसे आपापल्या कामात असताना टिपली गेली, म्हणून त्या वेळचे राहणे त्यांत जसेच्या तसे उतरले.

बाकीच्या हजारो खेड्यांच्या वाट्याला असे कोणी आले नाही. त्यांचा इतिहास तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओत आणि घरांच्या भिंतींवर राहिला. परिचयातल्या एका घरी १९८० च्या आसपासचा लग्नातला काळा-पांढरा फोटो आहे. मागे तारीख लिहिलेली नाही. थोरल्या मुलाच्या वयावरून घरचे लोक वर्षाचा अंदाज सांगतात. नवरा-नवरी आणि वऱ्हाडी अंगणात बसलेले आहेत, आणि त्यांच्या मागे, फोटोग्राफरने लक्षही दिले नसेल अशी, घराच्या कवेलूंपर्यंत पोचलेली कडब्याची गंजी आहे. शेजारी जू खाली टेकवलेली बंडी आहे. नव्वदच्या दशकापासून सोयाबीन पसरत गेले, ज्वारी मागे पडली, ज्वारीबरोबर कडबा गेला आणि कडब्याबरोबर गोठ्यातली बैलजोडीही अनेक घरांतून गेली. त्याच अंगणात आज टिनाचे शेड आहे आणि त्यात मोटारसायकल उभी असते. पीकपद्धती कशी बदलली हे आकडेवारीतून कळते. पण कडबा गेल्याने अंगणाचे रूप कसे पालटले, हे त्या गंजीकडे पाहिल्यावरच ध्यानात येते.

याच काळात ओळखपत्रांचे फोटो आले. मतदार ओळखपत्राची योजना १९९३ ची. म्हाताऱ्या बायांपैकी कित्येकींचा एकटीचा पहिला फोटो तोच होता, आणि त्या गेल्यावर भिंतीवर हार घातला गेला तो त्याच फोटोच्या मोठ्या केलेल्या प्रतीला. पुढे डिजिटल कॅमेरे आले आणि स्टुडिओंतल्या निगेटिव्ह अडगळीत गेल्या. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते, म्हणून काही ठिकाणी त्या किलोच्या भावाने विकल्या गेल्या. माझ्या मते खेड्यांच्या इतिहासाची ही मोठी हानी आहे, आणि तिची नोंद कुठेच झालेली नाही.

आता ‘पाहणी’ या शब्दाकडे येऊ, कारण सगळा गुंता त्यातच आहे. महसुली व्यवहारात पाहणी म्हणजे अधिकार असलेल्या माणसाने जागेवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे. गाव नमुना बारा हा पिकांच्या नोंदीचा नमुना तलाठ्याने गावात फिरून भरायचा, अशी रीत होती. पैसेवारीची, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आले हे ठरवण्याची, सुरुवातही ‘नजरअंदाज’ पैसेवारीने होते; त्या नावातच नजर आहे, आणि पैसेवारी ५० पैशांच्या खाली आली की नाही यावर गावाचे पुढचे वर्ष ठरत आले आहे. पंचनाम्यात तर पाहणाऱ्यांची नावे आणि सह्याच महत्त्वाच्या असतात. तलाठी चावडीत बसूनच नोंदी लिहितो, मागच्या वर्षीचे पीक पुढे ओढतो, ही तक्रार जुनी होती आणि पुष्कळदा खरीही होती. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा’ ही ई-पीक पाहणीची घोषणा त्या तक्रारीला दिलेले उत्तर होती, आणि तेवढ्यापुरती ती योग्यच होती.

पण शब्द तोच ठेवून त्यातला पाहणारा बदलला. शेतकरी फोटो काढून पाठवतो, म्हणजे त्याने पाहणी केली की फक्त दाखवले? तलाठ्याने काही नोंदी तपासायच्या, असे ठरले. म्हणजे पाहणी त्याच्याकडेही उरलीच. मोबाइल फोटोचे ठिकाण आणि वेळ नोंदवतो, तेव्हा साक्षीदाराची जागा यंत्राने घेतली असेही म्हणता येते. नोंद चुकली तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न या तीन अर्थांमध्ये अडकून पडतो. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या ज्या गावात रेंजसाठी टेकडीवर जावे लागते, तिथे ‘मीच नोंदवणार’ हा हक्क न राहता ओझे होते. पुढे राहिलेल्या नोंदींसाठी सहायक नेमण्याची सोय झाली, म्हणजे पाहणारा पुन्हा बदलला. माझा कल या वादात शेतकऱ्याच्या बाजूने आहे. पाहण्याचे कर्तव्य शासनाचे आहे. फोटोने त्याला मदत करावी, त्याची जागा घेऊ नये.

फोटोला काय दिसत नाही, हे विदर्भाने २०१७ मध्ये पाहिले. गुलाबी बोंडअळीच्या त्या हंगामात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बाहेरून हिरवी होती आणि झाडाला बोंडे लागलेली होती. फुलाच्या पाकळ्या मिटून डोमकळी झालेली ओळखायला जाणता डोळा लागतो, आणि हिरव्या बोंडावर आत शिरलेल्या अळीचे छिद्रही राहत नाही. बोंड फोडून तळहातावर धरले, सरकी पोखरणारी अळी आणि डागाळलेली रुई दाखवली, तेव्हाच फोटोत नुकसान दिसले. पण एका तळहातावरचे एक बोंड चार एकरांबद्दल काय सांगणार? पाण्याचेही तसेच आहे. पीकविम्यात नुकसानीची सूचना ७२ तासांत देण्याची अट आली. पण नाल्याचे पाणी वावरातून तेवढ्या वेळात ओसरते, सोयाबीन उभे दिसते आणि मुळे कुजलेली असतात. खरडून गेलेली माती दाखवायची तर आधीच्या वर्षीचा त्याच जागेवरून काढलेला फोटो हाती हवा, तो बहुधा नसतो.

म्हणून अलीकडे काही शेतकऱ्यांनी आपली रीत बसवली आहे. ई-पीक पाहणीच्या ॲपसाठी एक फोटो काढून झाला की ते धुऱ्यावरच्या त्याच बाभळीशेजारून दुसरा काढतात, आणि त्यात पिकाच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून घरातल्या कोणाला तरी पिकाच्या ओळीत उभे करतात. तो फोटो कुठे पाठवायचा नसतो. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखा पाठवला की त्यातली वेळेची आणि ठिकाणाची नोंद निघून जाते, हे ठाऊक असलेली मुले तो मूळ रूपात संगणकावर उतरवून ठेवतात आणि फाइलच्या नावात गट क्रमांक व तारीख घालतात. २०२१ पासूनचे असे पाच खरिपांचे फोटो मी एका घरी ओळीने पाहिले. बाभूळ तीच होती. पहिल्या तिन्हींत तिच्यामागे कपाशी होती, नंतरच्या दोन्हींत सोयाबीन आणि तूर.