आर्काइव्ह ऑफ अवर ओन

चाहत्यांनी हौसेखातर लिहिलेल्या कथा-कादंबऱ्यांचा आंतरजालावरील संग्रह. तो वाचकांच्या ऐच्छिक देणग्यांवर चालतो. चाहत्यांमध्ये ‘एओथ्री’ हे त्याचे लघुनाम रूढ आहे. गाजलेल्या कादंबऱ्या, चित्रपट, मालिका किंवा ॲनिमे यांतली पात्रे घेऊन वाचक-प्रेक्षकच नवी कथानके रचतात, त्या लेखनाला फॅनफिक्शन म्हणतात. असे लेखन जिथे साठते त्या जगातल्या सर्वांत मोठ्या ठिकाणांपैकी हे एक. २०१९ मध्येच तिथल्या कृतींची संख्या ५० लाखांवर गेली होती आणि त्याच वर्षी विज्ञानकथेच्या क्षेत्रातला मानाचा ह्यूगो पुरस्कारही या संग्रहाला मिळाला. वाचायला पैसे पडत नाहीत, जाहिराती नाहीत, जादा सोयींचे ‘प्रीमियम’ खाते नाही. खर्च चालवते ती ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’ (ओटीडब्ल्यू) ही अमेरिकेत २००७ मध्ये स्थापन झालेली ना-नफा संस्था, आणि तिच्या तिजोरीत येणारा पैसा जवळजवळ सगळा वाचकांच्या खिशातला.

पैसा वाचकांकडूनच घ्यायचा, हा निर्णय काटकसरीपोटी झालेला नाही. त्याच्या मागे २००७ चा मे महिना आहे. त्या सुमारास ‘फॅनलिब’ नावाची कंपनी सुमारे ३० लाख डॉलरच्या गुंतवणुकीवर बाजारात उतरली. चाहत्यांनी फुकट लिहायचे, कंपनीने त्यावर जाहिराती विकायच्या, आणि उद्या कोणी स्वामित्वहक्काचा दावा लावला तर जबाबदारी मात्र लिहिणाऱ्याची, असा तो मामला होता. फॅनफिक्शन लिहिणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया. त्यांच्या वर्षानुवर्षांच्या हौसेचा कोणी परस्पर धंदा मांडतो आहे, याचा त्यांना संताप आला. त्याच महिन्याच्या अखेरीस ‘लाइव्हजर्नल’ या ब्लॉग लिहिण्याच्या संकेतस्थळाने, जिथे त्या काळी चाहत्यांची मोठी वस्ती होती, तक्रारींच्या दबावाखाली सुमारे ५०० खाती एका फटक्यात बंद केली. त्यांतली बरीच नंतर परत सुरू झाली खरी, पण धडा मिळायचा तो मिळाला होता. भाड्याच्या जागेत राहायचे तर घरमालकाची मर्जी सांभाळावी लागते. ‘सर्व्हर आपल्या मालकीचे हवेत’ ही घोषणा तेव्हाची. कादंबरीकार नाओमी नोविक यांनी चाहत्यांच्या मालकीच्या, जाहिरातमुक्त संग्रहाची कल्पना मांडली. इंग्रजीच्या प्राध्यापक फ्रान्सेस्का कोप्पा, कायद्याच्या प्राध्यापक रिबेका टशनेट आदी मंडळी तिच्यासोबत उभी राहिली आणि संस्था नोंदवली गेली. संग्रह नोव्हेंबर २००९ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. (फॅनलिब २००८ मध्येच गुंडाळली गेली होती.)

जाहिराती घेतल्या असत्या तर काय बिघडले असते? दोन गोष्टी. जाहिरातदाराला आपले उत्पादन कशाशेजारी दिसते याची काळजी असते, आणि या संग्रहात प्रौढांसाठीचे लेखनही भरपूर आहे. जाहिरातीवर पोट असले की काय ठेवायचे नि काय काढायचे हे जाहिरातदार ठरवू लागतो. इतर ठिकाणी चाहत्यांनी ते पाहिले होते. दुसरी गोष्ट कायद्याची, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची. दुसऱ्याची पात्रे घेऊन लिहिणे हा अमेरिकी कायद्यात ‘न्याय्य वापर’ (स्वामित्वहक्क असलेल्या कृतीचा परवानगीशिवाय करता येणारा वापर) ठरतो की नाही, हे पाहताना त्या वापराचे स्वरूप व्यापारी आहे की बिगरव्यापारी, हा एक निकष असतो. तो एकमेव निकष नाही. पण संग्रहाने त्यावरून कमाई केली नाही तर बचावाची बाजू बळकट होते. म्हणजे देणगी इथे उत्पन्नाचे साधन आहे, तशीच ढालही आहे.

या ढालीची किंमत लेखक मोजतात. संग्रहात व्यापारी जाहिरातबाजीला सक्त मनाई आहे. कोणी कथेच्या शेवटी ‘आवडली तर मला एक कॉफी पाजा’ असे लिहून पैसे घेण्याच्या पानाचा दुवा दिला की तक्रार जाते आणि तो मजकूर काढायला सांगितले जाते. पेट्रिऑन, को-फाय या चाहत्यांकडून पैसे घेण्याच्या संकेतस्थळांचे दुवे, ‘पुढचे प्रकरण पैसे भरणाऱ्यांना आधी’ अशी सूचना, सगळे याच नियमाखाली येते. संस्था वर्षातून दोनदा वाचकांपुढे हात पसरते आणि ज्यांच्यामुळे वाचक येतात त्या लेखकांना तेच करायला मनाई करते, यातली विसंगती दरवर्षी कोणी ना कोणी बोलून दाखवते. संस्थेची बाजू अशी की तिची देणगी जागा चालवण्यासाठी आहे, कथेचा मोबदला म्हणून नाही. तर्क कायद्याच्या दृष्टीने पटण्यासारखा आहे; घरभाड्याची चिंता असलेल्या लेखिकेला तो किती पटतो, हा प्रश्न उरतोच.

वर्गणीची मोहीम साधारणपणे एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये निघते. काही दिवस प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक पट्टी दिसते: किती रक्कम हवी, किती जमली आणि देणगीचा दुवा. नको असेल तर ती बंद करता येते. गणेशोत्सवाच्या वर्गणीला दारात उभे राहिलेले कार्यकर्ते आणि पावतीपुस्तक आठवले तर फरक चटकन कळतो. इथे कोणी तोंडाकडे पाहत नाही, शेजाऱ्याने किती दिले हे कळत नाही. ते कळू नये अशी व्यवस्थाच केलेली आहे. देणगीची नोंद आणि संग्रहातले खाते एकमेकांना जोडलेले नसतात, कारण टोपणनावाने लिहिणाऱ्यांना आपले खरे नाव उघड होण्याची धास्ती असते. त्यामुळे देणगीदाराच्या नावापुढे मानाचे चिन्ह लागत नाही आणि खाते उघडण्याच्या रांगेत त्याचा नंबरही पुढे सरकत नाही. खाते निमंत्रणानेच मिळते. रांग ठेवण्याचा हेतू असा की सर्व्हरवरचा भार एकदम वाढू नये. मोठ्या रकमेवर कॉफीचा मग, पिशवी, स्टिकर असल्या भेटवस्तू मिळतात. पण खरा मोबदला वेगळा आहे. किमान १० डॉलर देणाऱ्याला संस्थेचे वर्षभराचे सभासदत्व घेता येते आणि संचालक मंडळाच्या निवडणुकीत मत देता येते. मताला किंमत एकच, देणगी १० डॉलरची असो वा हजाराची.

खर्चाच्या बाजूला सर्वांत मोठी बाब सर्व्हर, त्यांची जागा आणि त्यांची देखभाल. संग्रह मजकुरापुरता आहे ही त्यातली मेख. कथेत चित्र घालता येते, पण ते दुसरीकडे ठेवलेले असावे लागते. इथे फक्त त्याचा पत्ता राहतो. चित्रे आणि ध्वनिचित्रफिती साठवल्या असत्या तर वर्गणीने हे पेललेच नसते. शिवाय संस्थेचे शेकडो स्वयंसेवक बिनपगारी आहेत. त्यांतला एक गट नुसता खुणांच्या शब्दांकडे (टॅग), म्हणजे कथा शोधता यावी म्हणून लेखक तिला जोडतो त्या शब्दांकडे, लक्ष देतो. शेरलॉक आणि वॉटसन यांच्या जोडीची खूण लेखक वीस तऱ्हांनी लिहितात: कोणी पूर्ण नावे, कोणी आडनावे, कोणी चुकीच्या स्पेलिंगने, कोणी दोघांच्या नावांचा संकर करून. स्वयंसेवक त्या सगळ्या एका प्रमाण खुणेला जोडतात, म्हणून वाचकाने एक शोधली की सगळ्या कथा हाती येतात. हे काम पगारी माणसांकडून करून घ्यायचे ठरले तर मोहिमेचे आकडे फार निराळे दिसतील. वर्गणीच्या हिशेबात श्रमाचे हे दान कुठेच धरले जात नाही. त्याच पैशातून संस्था ‘फॅनलोर’ हा चाहत्यांच्या इतिहासाचा कोश, एक संशोधनपत्रिका आणि कायदेशीर मदतीचे कामही चालवते.

पैसा कमी पडणे हा या संस्थेचा नेहमीचा प्रश्न राहिलेला नाही. हिशेब देणे हा आहे. २०१५ मध्ये अंदाजपत्रकाबाबत सभासदांनी मंडळाला धारेवर धरले. त्या निवडणुकीत नवे चेहरे निवडून आले आणि पाठोपाठ जुन्या संचालकांनी राजीनामे दिले. त्यानंतर अंदाजपत्रक प्रसिद्ध करण्याची शिस्त लागली. अलीकडे तक्रार उलट दिशेने येते: उद्दिष्ट थोड्या वेळात पार होते, राखीव निधी लाखो डॉलरांचा झाला आहे, तरी पट्टी का लावता? राखीव निधी असणे शहाणपणाचे, याबद्दल दुमत नाही. पण देणाऱ्याला गरज पटवून द्यायची तर ‘सर्व्हर चालू ठेवायचे आहेत’ एवढे सांगून भागत नाही, निधी कशावर नि कधी खर्च होणार हे सांगावे लागते. मे २०२३ मध्ये वर्णद्वेषी मजकूर आणि छळ यांविरुद्ध संस्थेने दिलेली आश्वासने पाळावीत म्हणून चाहत्यांनी मोहीम चालवली. जाब विचारणाऱ्यांत सभासदही होते, आणि सभासदाला मत असते.

त्याच वर्षी १० जुलैला संग्रहावर बनावट वाहतुकीचा, म्हणजे सर्व्हरवर खोट्या विनंत्यांचा भडिमार करणारा, मोठा हल्ला झाला आणि संग्रह एक दिवसाहून अधिक काळ कोलमडला. जबाबदारी घेणाऱ्या टोळीने बिटकॉइनमध्ये ३०,००० डॉलरची खंडणी मागितली. ती दिली गेली नाही. संकेतस्थळांना अशा हल्ल्यांपासून वाचवणाऱ्या ‘क्लाउडफ्लेअर’ या कंपनीच्या संरक्षणाआड संग्रह परत सुरू झाला. हल्ल्याच्या काळात वाचकांनी समाजमाध्यमांवर जो आकांत मांडला, त्यावरून या जागेची लोकांना किती सवय झाली आहे हे दिसले.

देणगीवर चालणाऱ्या लहान संग्रहांचे काय होते, याचे उत्तर संस्थेच्या ‘ओपन डोअर्स’ या उपक्रमात सापडते. एखाद्या मालिकेच्या चाहत्यांचा छोटा संग्रह बहुधा एकट्या माणसाच्या खिशातून चालतो. त्याची नोकरी बदलली, आजारपण आले, हौस आटली किंवा जागेचे बिल थकले, की कथा नाहीशा होतात. ऑक्टोबर २००९ मध्ये याहूने ‘जिओसिटीज’ ही फुकट संकेतस्थळे बनवू देणारी सेवा बंद केली तेव्हा असे पुष्कळ लेखन एकदम गेले. ओपन डोअर्स अशा चालकाशी बोलून सगळ्या कथा मोठ्या संग्रहात आणते आणि त्या आपल्याच आहेत असे लेखकांना कळवून ताबा त्यांच्याकडे देते. चार-पाचशे वाचकांच्या वर्गणीवर एक जागा कायमची चालवणे अवघड असते. लाखो वाचकांत काही थोड्यांनी दिले तरी भागते. बहुसंख्य वाचक कधीच काही देत नाहीत आणि हे सर्वांनी गृहीत धरलेले आहे.

मराठी वाचकाला हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही देणग्यांवर चालणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या सर्व्हरवर उभा आहे. मराठीतल्या हौशी संकेतस्थळांनी मात्र ही वाट फारशी धरली नाही. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘मायबोली’वरही जाहिरातींना जागा आहे. भारतातून ओटीडब्ल्यूला देणगी द्यायची तर डॉलरमध्ये व्यवहार होतो, त्यावर बँकेचा परकीय चलनाचा आकार लागतो, आणि संस्था अमेरिकी असल्याने तिथल्या करदात्याला मिळते तशी सवलत इथे प्राप्तिकराच्या ८०जी कलमाखाली मिळत नाही. दरमहा आपोआप रक्कम जावी असे ठरवले तरी १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरच्या अशा आवर्ती वसुलीला आधी ग्राहकाची ओटीपीने संमती नोंदवावी लागते, आणि परदेशी संस्थांची देणगीची यंत्रणा या पद्धतीशी जुळलेली असेलच असे नाही. अशा वेळी एकरकमी देणगी हा सोपा मार्ग उरतो.