एनए ले-आऊट आणि गुंठेवारी: ‘होऊन जाईल’चा घोळ

‘सध्या एनए नाही, पण गुंठेवारीत होऊन जाईल.’ संभाजीनगरच्या कडेकडेनं कुठंही प्लॉट बघायला जा, हे वाक्य कानावर पडतंच. जालन्यात, नांदेडात, लातुरातही पडतं. सांगणारा इतक्या सहज सांगतो की एनए आणि गुंठेवारी म्हणजे एकाच गावाला जाणारे दोन रस्ते वाटावेत, एक टोलचा आणि एक बिनटोलचा. गुंठेवारीच्या फायली करण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि हे वाक्य ऐकलं की अजूनही कपाळात तिडीक जाते.

एनए ले-आऊट काय असतो ते बहुतेकांना ठाऊक आहे. शेतजमीन अकृषिक, म्हणजे एनए, होते, नगररचना खात्याकडून रेखांकन मंजूर होतं, त्यात रस्ते आखलेले असतात आणि जमीन ०.४ हेक्टरच्या, म्हणजे साधारण एकराच्या वर असेल तर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. मग प्लॉट पडतात. (फ्लेक्सवर नुसतं ‘एनए-४४’ (कलम ४४ खालची वापरबदलाची परवानगी) लिहून मंजूर ले-आऊटचा नकाशा न दाखवणारे वेगळेच. जमिनीचा वापर बदलला म्हणजे प्लॉट मंजूर झाले, असं होत नाही. पण त्यावर लिहायला बसलो तर दुसरा लेख होईल.)

गुंठेवारी म्हणजे यातलं काहीच न करता शेताचे गुंठ्या-गुंठ्यानं, खरं तर अर्ध्या-अर्ध्या गुंठ्यानं तुकडे पाडून विकणं. गुंठा १०८९ चौरस फुटांचा. आपल्याकडचा नेहमीचा प्लॉट वीस बाय तीसचा, ६०० फुटांचा. तो स्वस्त का पडतो, याचं उत्तर रस्त्यात आहे. नीट ले-आऊट केला की रस्ते आणि मोकळी जागा वजा जाता विकायला एकरातली साठ-पासष्ट टक्के जमीन उरते, आणि रस्ते, नाल्या, विजेचे खांब यांचा खर्च त्याच प्लॉटांवर चढतो. गुंठेवारीत बैलगाडी जाईल एवढी वाट सोडून बाकी सगळं विकतात. सिडको या सरकारी महामंडळानं सत्तरच्या दशकात संभाजीनगरात एन-१, एन-२ असे सेक्टर वसवताना आधी रस्ते आणि ड्रेनेज केलं, घरं मागून आली. एन-४ मधून शेजारच्या, गुंठेवारीतल्या पुंडलिकनगरात पायी जा, दहा मिनिटांत दोन्ही पद्धती पायाखालून जातील.

आता मुख्य घोळ. ले-आऊटची मंजुरी पुढच्यासाठी असते: उद्या इथं असं बांधा. गुंठेवारीचं नियमितीकरण मागच्यासाठी असतं: काल जे करून बसलात ते दंड आणि विकास शुल्क भरून पदरात घ्या. एक परवानगी आहे, दुसरी माफी. आणि माफीला तारीख असते. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात ती १ जानेवारी २००१ होती. त्याआधी पडलेले तुकडे बसत होते, नंतरचे नाही. २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ती ३१ डिसेंबर २०२० वर आली. म्हणजे यंदा पाडलेला प्लॉट ‘गुंठेवारीत होऊन जाईल’ म्हणून विकणारा माणूस, ज्या कायद्यात तो प्लॉट बसतच नाही, त्याच्या नावावर पैसे घेतोय.

परतूरकडचा एक मिस्त्री माझ्याकडे आला होता. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधली, आता स्वतःचा प्लॉट घ्यायचा होता, इसार देऊन झाला होता. मी तारखेचं सांगितलं तर तो शांतपणे म्हणाला, ‘साहेब, सरकार तारीख पुढं ढकलतंच की. आधी दोन हजार एक होतं, मग दोन हजार वीस केलं. अजून ढकलतील.’

याला वेडेपणा म्हणता येत नाही. एकदा ढकलली हे खरंच आहे आणि आणखी ढकलणारच नाही असं मी तरी लिहून देणार नाही. पण मधे वीस वर्षं गेली, मामा. त्या वीस वर्षांत त्या वस्त्यांमधली लेकरं टँकरच्या रांगेत मोठी झाली. आणि ढकलली तरी तुमचाच तुकडा बसेल कशावरून? विकास आराखड्यात तिथं रस्ता किंवा शाळेचं आरक्षण पडलेलं असलं तर? जमीन मुळात निजामाच्या काळात निर्वाहासाठी दिलेली मदतमाश इनाम असली तर? इनामं हैदराबादच्या १९५४ च्या कायद्यानं गेली, पण त्यांच्या भोगवटा वर्ग दोनच्या (सरकारी परवानगीशिवाय विकता न येण्याच्या) अटी मराठवाड्यातल्या कितीतरी सातबारांवर अजून बसलेल्या आहेत. हे काहीच विकणाऱ्यानं त्याला सांगितलं नव्हतं. वर ‘बाँड मागच्या तारखेचा करून देतो’ म्हणाला होता. स्टॅम्प कधी आणि कुणाच्या नावानं विकला गेला याची नोंद असते, शिवाय उपग्रहाची जुनी छायाचित्रं कुणीही उघडून बघू शकतो. त्या तारखेला तिथं तुरीचं रान होतं हे लपत नाही.

बाँडवरून आठवलं. शंभरच्या (आता पाचशेच्या) स्टॅम्पवर नोटरी करून घेतलेल्या कागदाला ‘रजिस्ट्री’ म्हणणं कृपा करून थांबवा. नोंदणीकृत खरेदीखताशिवाय मालकी येत नाही आणि नियमितीकरणाचं प्रमाणपत्रही ती देत नाही. ते प्लॉट आणि बांधकामाबद्दल बोलतं, मालकाबद्दल नाही. याचा चटका घरकुलात बसतो. शहरी पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख मिळतात, पण जागा स्वतःची असल्याचा कागद लागतो. ज्याला त्या पैशांची सगळ्यात जास्त गरज, तो बाँड घेऊन खिडकीवर उभा.

महापालिकेची बाजूही सांगतो, तिच्यावर माझा राग असला तरी. ले-आऊटमध्ये रस्ता आणि मोकळी जागा आयती मिळते. गुंठेवारीत आठ-दहा फुटांच्या बोळात ड्रेनेज कुठून टाकायचं ते शोधावं लागतं, आणि वस्तीतून जमलेल्या शुल्कात त्या वस्तीची निम्मी कामंही उरकत नाहीत. म्हणून ‘पैसे भरले, नाली कुठाय’ या प्रश्नाला उत्तर येत नाही. पण ज्या शहरानं रोजंदारीवाल्याला परवडेल असा सहाशे फुटांचा मंजूर प्लॉट कधी पुरेसा निघूच दिला नाही, त्यानं गुंठेवारीला शिव्या देऊ नयेत. गरिबाची परवडणारी घरं इथं प्लॉटिंगवाल्यानंच पुरवली, वाईट पुरवली, पण पुरवली.

मिस्त्रीनं उठता उठता शेवटचा पत्ता टाकला. शेजारच्या घराची पावती दाखवली. ‘हे बगा, बेकायदा असतं तर म्युन्सिपालटीनं घरपट्टी घेतली असती का?’

घेते. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये तसंच लिहिलंय: बेकायदा बांधकामावर कर घ्यायचा, वर शास्ती, म्हणजे दंड, लावायची, आणि ही वसुली केली म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजायचं नाही. त्याला पावती उलगडून शास्तीचा रकाना दाखवला. त्यानं तो बोट ठेवून दोनदा वाचला आणि विचारलं, ‘मग इसार परत मागू का?’ आजच मागा म्हणालो.