गाण्याची परवानगी आणि रेकॉर्डिंगची परवानगी

कॉलेजच्या लघुपटात एखादं गाणं टाकायचं ठरलं की मुलं कंपनीला मेल करतात, नाहीतर थेट गायकाला मेसेज करतात. पण गायकानं आनंदानं ‘हो’ म्हटलं तरी सहसा काम होत नाही, कारण हक्क दुसऱ्यांकडे असतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांचे हक्क गीतकार-संगीतकारांचे, किंवा त्यांनी ज्यांना लिहून दिले त्यांचे. ध्वनिमुद्रित ट्रॅकचा हक्क निर्मात्याचा, म्हणजे बहुधा म्युझिक कंपनीचा. तयार ट्रॅक व्हिडिओत वापरायचा तर दोन्हीकडची परवानगी लागते.

तुकोबांचा अभंग घ्या. शब्द सगळ्यांचे. पण त्याला श्रीनिवास खळ्यांनी लावलेली चाल त्यांची आहे. खळे २०११ साली गेले आणि संगीतकाराचा हक्क निधनानंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे ती चाल २०७१ अखेरपर्यंत बांधलेली. लताबाईंच्या आवाजातलं रेकॉर्डिंग ही आणखी निराळी गोष्ट. त्याची ६० वर्षं ते प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात.

‘जुनं गाणं आहे, चालतं’ हा समज इथेच फसतो. १९६० साली निघालेली ध्वनिमुद्रिका २०२० अखेर मोकळी झाली. पण तिच्यातले शब्द गदिमांचे आणि चाल सुधीर फडक्यांची असेल, तर शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि चाल २०६२ अखेरपर्यंत सुटत नाही.

वर्गातल्या मैत्रिणीकडून गिटारवर गाऊन घेतलं, तर कंपनीच्या रेकॉर्डिंगचा प्रश्न मिटतो. शब्द आणि चालीचा उरतोच, आणि मुलांचं नेमकं इथेच दुर्लक्ष होतं. उलट आजीनं जात्यावरची परंपरेनं आलेली ओवी गायली आणि ती तुम्हीच रेकॉर्ड केली, तर आजीची संमती पुरे. माझ्या मते विद्यार्थ्यांच्या लघुपटाला याहून चांगलं संगीत क्वचितच मिळेल.

गॅदरिंगचा दाखला इथे देऊ नका. विद्यार्थी, शिक्षक, पालक यांच्यापुढे कॉलेजात गाणं वाजवायला कलम ५२ सूट देतं. तेच गाणं व्हिडिओत जोडून यूट्यूबवर चढवणं त्या सुटीत बसत नाही. तीस सेकंदांची सवलत तर कायद्यात कुठेच नाही, आणि शेवटी श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही.

चित्रपटगीतांचे दोन्ही हक्क पुष्कळदा एकाच म्युझिक कंपनीकडे असतात, तेव्हा एका पत्रात भागू शकतं. फक्त पत्र मोघम नको. असं लिहा: “आमच्या १२ मिनिटांच्या विद्यार्थी लघुपटात अमुक गाण्याच्या अमुक रेकॉर्डिंगमधले ४० सेकंद शेवटच्या प्रसंगात वापरायचे आहेत. लघुपट कॉलेजात, दोन महोत्सवांत आणि यूट्यूबवर दाखवू. तिकीट नाही, जाहिरात नाही. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग या तिन्हींचे हक्क आपल्याकडे आहेत का? नसल्यास कुणाकडे? शुल्क किती?” उत्तर लेखी घ्या आणि त्यात ‘यूट्यूब’ स्पष्ट लिहिलंय का ते पाहा; नुसत्या महोत्सवापुरती परवानगी ऑनलाइन चालत नाही. उत्तरच आलं नाही तर ती संमती धरू नका. म्हणून पत्र एडिटला बसण्याआधी पाठवा, म्हणजे गाणं बदलायला वेळ राहील.