संगणक सारखा बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी कपॅसिटर बघा
(आमच्या दुरुस्ती केंद्राच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सांगली)

पंखा हळू फिरायला लागला की ‘कंडेन्सर गेला असेल’ हे घरातलं कोणीही सांगतं. त्याच कंडेन्सरचे, म्हणजे वीज थोडा वेळ साठवून ठेवणाऱ्या कपॅसिटरचे, भाऊबंद संगणकात, टीव्हीत, सेट-टॉप बॉक्समध्ये, वाय-फायच्या अ‍ॅडॉप्टरमध्येही असतात. तिथे तो गेला की दोष मात्र विंडोजला, व्हायरसला नाहीतर लाइटच्या व्होल्टेजला दिला जातो आणि चांगली वस्तू भंगारात जाते. हे टळावं म्हणूनच हा कागद आपल्या हातात देत आहोत.

गेल्या उन्हाळ्यात मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून जुना संगणक आला. सकाळी बटण दाबलं की पंखा फिरायचा, स्क्रीन काळीच. चार-पाच वेळा बंद-चालू केल्यावर लागायचा आणि दुपारी ऐन हिशेबाच्या पट्ट्या करताना आपोआप रीस्टार्ट व्हायचा. आमच्याकडे येण्याआधी दोनदा फॉरमॅट मारून झालं होतं, रॅमही बदलून झाली होती. डबा उघडला तर पंख्याच्या पात्यांवर हळदीचा पिवळा थर, आणि प्रोसेसरशेजारी ओळीनं उभ्या असलेल्या कपॅसिटरपैकी तिघांची डोकी फुगलेली. एकाच्या टोकावर तपकिरी खपली धरली होती. आम्ही ती सगळी ओळच बदलली. तो संगणक आजही त्याच गादीशेजारी चालतो आहे.

फुगतो म्हणजे नेमकं काय होतं? या छोट्या डबीत अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये द्रावणात भिजवलेला कागद अशी गुंडाळी असते. खाली रबराचं बूच असतं. पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, सगळं काम त्या थराच्या जिवावर चालतं. द्रावण बिघडलं की ते अ‍ॅल्युमिनियमला खायला लागतं, आत हायड्रोजन वायू साठतो आणि दाब वाढतो. डबीच्या डोक्यावर अधिकाच्या किंवा इंग्रजी ‘के’ अक्षराच्या आकाराच्या खाचा असतात, त्या शोभेच्या नाहीत. दाब वाढला तर डबी फुटून उडण्याऐवजी तिथे उकलावी म्हणून त्या मुद्दाम पाडलेल्या असतात.

साधारण १९९९ ते २००७ या काळात हा दोष जगभर साथीसारखा पसरला होता. तैवानमधल्या काही उत्पादकांच्या कपॅसिटरमध्ये पाण्याचं प्रमाण जास्त असलेलं द्रावण होतं, पण ते पाणी अ‍ॅल्युमिनियमला खाऊ नये यासाठी लागणारी रसायनं त्यात नीट नव्हती. या द्रावणाचा फॉर्म्युला चोरलेला आणि अर्धवट होता, अशा बातम्या त्या वेळी आल्या होत्या. मोठमोठ्या कंपन्याही यात सापडल्या. डेलला २००५ मध्ये ऑप्टिप्लेक्स संगणकांच्या दुरुस्तीसाठी सुमारे ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले, अ‍ॅपलला आयमॅक जी-५ साठी खास दुरुस्ती योजना काढावी लागली. नंतर मदरबोर्डवर द्रावण नसलेले सॉलिड पॉलिमर कपॅसिटर आले, त्यामुळे नव्या बोर्डावर ही तक्रार बरीच कमी झाली. पॉवर सप्लाय, टीव्ही, मॉनिटर आणि अ‍ॅडॉप्टरमध्ये मात्र द्रावणाचे कपॅसिटर आजही सर्रास असतात.

चांगल्या कंपनीचा कपॅसिटरसुद्धा कायमचा नसतो. त्याचा खरा वैरी उष्णता. डबीवर बहुधा १०५ अंश लिहिलेलं असतं. त्या तापमानाला २,००० तास चालेल असा कपॅसिटर घेतला, तर दर १० अंश कमी तापमानाला त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे आत ६५ अंश असेल तर सुमारे ३२,००० तास. रोज दहा तास वापरला तर जवळजवळ पावणेनऊ वर्षं. धुळीनं पंखा गुदमरून आत ७५ अंश झाले की तेच आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणून आमची कळकळीची विनंती आहे: यार्डातली, पिठाच्या गिरणीशेजारची, रस्त्याकडेची यंत्रं दर सहा महिन्यांनी साफ करून घ्या. टीव्हीच्या मागे हवा खेळेल एवढी जागा सोडा. सेट-टॉप बॉक्सवर विणलेला रुमाल घालू नका.

लक्षणं ओळखायची सवय ठेवा. थंडीत सकाळी लागत नाही, पण गरम झाल्यावर लागतो; टीव्हीचा लाल दिवा लुकलुकतो, चित्र येत नाही; मॉनिटर उजळून लगेच काळा पडतो; राउटर दिवसातून चारदा स्वतःच बंद-चालू होतो. यातलं काही दिसलं की लवकर आणा. खराब कपॅसिटरवर यंत्र तसंच ओढलं, तर त्याच्या शेजारचे महागडे भागही जातात.

संगणकाचा डबा घरी उघडून बघायला हरकत नाही. वायर भिंतीतून काढा, दहा मिनिटं थांबा, बॅटरीचा (टॉर्चचा) उजेड धरा आणि डबीच्या डोक्यांवर लहान पट्टी आडवी ठेवा. पट्टी डुगडुगली तर तो कपॅसिटर फुगलाय. बुडाशी पिवळट-तपकिरी डिंकासारखं काही दिसलं तर लगेच घाबरू नका, बऱ्याचदा तो कारखान्यातच लावलेला गोंद असतो. पण पॉवर सप्लायची पेटी आणि टीव्ही कृपा करून उघडू नका. २३० व्होल्टच्या लाइटवर आतला मोठा कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टला भरतो आणि वायर काढल्यावरही ते व्होल्टेज काही काळ त्यात राहू शकतं. हा झटका जीवघेणा ठरू शकतो.

कपॅसिटर न फुगताही जातो. बाहेरून नवाकोरा दिसतो, पण आतला अडथळा, ज्याला ईएसआर म्हणतात, वाढलेला असतो. त्यासाठी आम्ही ईएसआर मीटरवर प्रत्येक कपॅसिटर तपासतो. नवा घालताना मायक्रोफॅरड (म्हणजे साठवण्याची क्षमता) तितकेच, व्होल्ट तितके किंवा जास्त, १०५ अंशांचा आणि कमी ईएसआरचा, हे पाळतो. निचिकॉन, रुबिकॉन, पॅनासॉनिक यांचा माल आम्ही ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घेतो, कारण मोठ्या डबीत लहान कपॅसिटर भरलेला नकली माल बाजारात येतो. काढण्याआधी बोर्डाचा फोटो घेतो. वजा-अधिक उलटं लागलं तर नवा कपॅसिटरसुद्धा फुटतो. मदरबोर्डाला तांब्याचे अनेक थर असतात, ते उष्णता ओढून घेतात. साध्या सोल्डरिंग गननं जोर लावला तर छिद्रातलं कडं उपटून येतं आणि बोर्ड कायमचा जातो. असे उपटलेले बोर्ड आमच्याकडे येतात तेव्हा फार वाईट वाटतं.

कपॅसिटर स्वतः फार महाग नसतो, पैसे तपासणीचे आणि हातकामाचे असतात. बोर्ड जळून काळा पडला असेल, किंवा गळलेल्या द्रावणानं त्यावरच्या रेषा खाल्ल्या असतील, तर ‘यात पैसे घालू नका’ असं आम्ही आधीच सांगतो. पुरात भिजलेल्या यंत्राची गोष्ट वेगळी. ते चालू करून न बघता तसंच आणा.

येताना संगणकाचा फक्त डबा आणा, मॉनिटर-कीबोर्ड नको. टीव्हीबरोबर रिमोट, राउटरबरोबर त्याचा अ‍ॅडॉप्टर हवाच. काढलेले जुने कपॅसिटर आम्ही पुडीत बांधून बिलासोबत परत देतो. ते घरी नेऊन नीट बघा.