झाडपाल्याचं ज्ञान कुणाच्या नावावर?

जैवविविधता कायदा २००२ चा. २०२३ साली त्यात दुरुस्ती झाली आणि ग्रंथांत नोंदलेलं पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्या भारतीयांना, त्या ज्ञानापोटी ते जपणाऱ्यांना लाभाचा वाटा देण्यातून सूट मिळाली. तोंडी चालत आलेल्या ज्ञानाचा हिशेब वेगळा राहिला. पोथीतलं आणि तोंडचं अशी ही विभागणी आजची नाही. तिचा माग काढत गेलं, तर आपण थेट सोळाव्या शतकातल्या गोव्यात पोचतो.

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला. इथल्या औषधींवरचा त्याचा संवादरूपी ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. माहिती त्याला व्यापाऱ्यांकडून आणि हिंदू-मुसलमान वैद्यांकडून मिळत होती. युरोपात ग्रंथ पसरला तो त्याच्या नावाने.

शंभरेक वर्षांनी कोचीनला थोडं वेगळं घडलं. डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्तुस मलाबारिकस’ १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत अॅमस्टरडॅमहून प्रसिद्ध केला. त्यातली औषधी माहिती मुख्यतः इट्टी अच्युदन या एळवा समाजातल्या वैद्याची. तिला जोड होती रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांची. पहिल्याच खंडात या मंडळींची प्रमाणपत्रं छापलेली आहेत, त्यांच्या त्यांच्या लिपीत. तिघा कोकणी वैद्यांचं नागरीत. सतराव्या शतकातल्या युरोपीय ग्रंथात माहिती देणाऱ्याला इतकी जागा मिळावी, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

ते पुढे टिकलं नाही. अठराव्या शतकात स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने या ग्रंथातली चित्रं आणि वर्णनं आधाराला घेऊन अनेक वनस्पतींना शास्त्रीय नावं दिली. शास्त्रीय नावाला नाव देणाऱ्याची खूण जोडायची पद्धत आहे. हळदीच्या नावाला लिनियसचा ‘एल’ असतो. नाव देणारा नोंदला गेला, गुण सांगणारा गळाला.

इंग्रजांच्या राज्यात अन्याय आणखी खोल गेला. १८६४ मध्ये वनखातं आलं आणि १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलं आखली. आदिवासींचे वहिवाटीचे हक्क सरकारच्या मर्जीवरच्या सवलती झाले, फिरती शेती गुन्ह्यात जमा झाली. ज्याला रानाची सर्वांत जास्त माहिती, तोच रानात चोर ठरला. त्याच काळातलं मानववंशशास्त्र त्याच्याकडे मोजमापाची वस्तू म्हणून पाहत होतं. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिझली नाकाच्या मापावरून जाती-जमातींची उतरंड लावत होता. त्या माणसाला काही विचारायचं असतं, त्याच्याकडून शिकायचं असतं, हे या संशोधनाच्या गावीही नव्हतं.

हळदीचा खटला आपल्याकडे बहुतेकांना माहीत आहे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. विजय खराच, पण तो मिळाला जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढे ठेवता आले म्हणून. घराघरांत आया-आज्या जखमेवर हळद दाबतात, एवढं सांगून भागलं नसतं. २००१ मध्ये सुरू झालेलं पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालयही आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा ग्रंथांवरच उभं राहिलं. गोंड किंवा माडिया वैदूचं ज्ञान त्या कपाटात बसत नाही.

तोंडच्या ज्ञानाला मान देण्याचा एक प्रयोग केरळात झाला. काणी आदिवासींनी संशोधकांना दाखवलेल्या ‘आरोग्यपच्चा’ या वनस्पतीपासून औषध तयार झालं आणि परवान्याच्या रकमेचा निम्मा वाटा काणींच्या न्यासाला द्यायचं ठरलं. मात्र औषध बनवण्याचं तंत्र कंपनीकडे गेलं १९९५ मध्ये, न्यास नोंदला गेला १९९७ मध्ये. सौदा आधी, समाजाची संघटना नंतर!

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने क्रम उलटा लावला. आधी ग्रामसभा, तिच्या जोडीला अभ्यासगट. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गाव स्वतःच अभ्यासाला बसलं. जंगल, मध, बांबू, कायदे या विषयांवर बाहेरचे जाणकारही आले, पण प्रश्न गावाचे होते. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे ही वर्षानुवर्षांची बैठक आहे. संशोधनाची सूत्रं समाजाच्या हाती असणं म्हणजे काय, हे मला कुठल्याही परिसंवादापेक्षा इथे स्पष्ट दिसतं.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. तोंडचं ज्ञान कागदावर येण्याची आज तीच मुख्य वाट. पण ते ज्ञान किंवा ती वनस्पती कुणाला वापरू द्यायची, हे ठरवताना राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने समितीशी सल्लामसलत करायची असते. समितीने नकार दिला तर परवानगी थांबेल, असं हा कायदा म्हणत नाही.