करवंद : गोव्यातील लागवड आणि वापर

करवंद (लॅ. कॅरिसा कॅरंडस, कुल – ॲपोसायनेसी) हे कण्हेरीच्या कुळातील काटेरी, चिकाळ, बारमाही हिरवे झुडूप आहे. त्याला करवंदीची जाळी म्हणतात. गोव्यात कोकणी बोलताना फळांना ‘कान्नां’, काही भागांत ‘कांटां’ म्हणतात. पश्चिम घाटातील लहान काळ्या फळांची रानटी करवंद पूर्वी कॅरिसा कंजेस्टा या वेगळ्या नावाने नोंदली जाई. आता बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ दोन्ही एकच जाती मानतात.

जाळी मोकळी वाढली तर २ ते ३ मीटर उंच होते. आधार मिळाला की फांद्या शेजारच्या झाडावर चढतात. पाने समोरासमोर, ३ ते ७ सेंमी. लांब, जाड, चकचकीत असतात. काटे जोडीने येतात, टोकदार आणि पुष्कळदा दुभंगलेले. पांढरी, सुगंधी, पाच पाकळ्यांची फुले फांद्यांच्या शेंड्यांना झुबक्याने येतात. ही गोष्ट छाटणी करताना लक्षात ठेवावी लागते. गोव्यात बहर साधारण जानेवारी ते मार्च आणि पिकलेली फळे एप्रिलअखेरपासून पहिल्या पावसापर्यंत. फळ आधी हिरवे, मग तांबूस आणि शेवटी जांभळट काळे होते.

सड्यावरचे झाड. गोव्यात चार महिन्यांत सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडतो आणि नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत जमीन जवळजवळ कोरडी राहते. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, माती वीतभरही नसते; अशा जागी करवंद दगडाच्या भेगांतून मुळे खाली सोडते आणि जाड पानांमुळे पाणी राखून उन्हाळा काढते. वेर्णे, ताळगाव, पर्वरी या पठारांवर करवंदीचे रान मुबलक होते. कोमुनिदादीच्या (गावसमूहाच्या सामायिक मालकीच्या) सड्यांवर कारखाने आणि वसाहती उभ्या राहिल्या तिथे ते आक्रसले. म्हणून घरच्या कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) किंवा काजूबागेच्या कडेला करवंद मुद्दाम लावण्यात आता अर्थ आहे.

अवर्षण सोसणारे झाड म्हणून ते कसेही लावले तरी जगते, हा समज मात्र गोव्यात महाग पडतो. इथे करवंद तहानेने क्वचितच मरते. मरते ते खड्ड्यात साचलेल्या पाण्याने. सड्यावर पहारीने खणलेला खड्डा म्हणजे दगडात कोरलेली डोणी. मऊ माती घालून त्यात रोप लावले की जुलैत पाणी भरते, मुळे कुजतात, पाने पिवळी पडून गळतात. ऑगस्टमध्ये मेलेले रोप पाहून ‘माती चांगली नव्हती’ म्हणतात. पुढच्या वर्षी खड्डा आणखी खोल करतात आणि तेच पुन्हा घडते.

लागवड. खड्डे मेमध्ये खणावेत, ४५ सेंमी. लांब, रुंद आणि खोल. खणून झाल्यावर प्रत्येक खड्ड्यात बादलीभर, म्हणजे १० लिटर, पाणी ओतावे. तासाभरात ते मुरले तर जागा योग्य. तसेच उभे राहिले तर तळाचा कठीण थर पहारीने फोडून खालच्या भेगेला वाट करावी; तेही जमत नसेल तर खड्डा बुजवून टाकावा आणि ३० सेंमी. उंचीचा वरंबा करून त्यावर रोप लावावे. भरणीला खणलेलीच खडेदार माती, वरची माती आणि ५ ते ८ किलो पूर्ण कुजलेले शेणखत पुरते. ताजे शेण घालू नये, वाळवी येते. गोव्याची जांभी माती आम्लधर्मी असली तरी करवंदाला ती मानवते. चुना टाकण्याची गरज नाही.

पहिले दोन-तीन दमदार पाऊस पडून जमीन आतपर्यंत भिजली की रोपे लावावीत. उशिरा, श्रावणानंतर लावलेल्या रोपाला मुळे खोल नेण्यास पुरेसा वेळ मिळत नाही आणि पहिला उन्हाळा त्याला जड जातो. पहिल्या उन्हाळ्यात ८ ते १० दिवसांनी प्रत्येकी ५ लिटर पाणी द्यावे, दुसऱ्या उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी एकदा. तिसऱ्या वर्षापासून पाणी बंद. त्यापुढेही रोज नळी लावणाऱ्यांच्या जाळ्या हिरव्यागार दिसतात, पण पालाच वाढतो आणि फळ कमी धरते. जादा नत्रखतानेही हेच होते.

बुंध्याभोवती सुक्या पाल्याचे आच्छादन उपयोगी असते. ते खोडापासून हातभर नसले तरी १० सेंमी. दूर ठेवावे. उघड्या सड्यावर मात्र जानेवारीत आच्छादन काढून जाळीभोवतीचे वाळलेले गवत दीड-दोन मीटर रुंदीत कापून टाकणे जास्त महत्त्वाचे. उन्हाळ्यात सड्याला वणवा लागतो. मोठी जाळी जळाली तरी बुडातून पुन्हा फुटते, पण दोन-तीन हंगामांचे फळ जाते. वर्ष-दोन वर्षांचे रोप तर राहतच नाही.

रोपे कशी करावीत. सर्वांत सोपी रीत बियांची. पूर्ण पिकलेली काळी फळे कुस्करून बिया वेगळ्या कराव्यात, चीक आणि गर जाईपर्यंत राखेने चोळून धुवाव्यात आणि सावलीत एक-दोन दिवस सुकवून लगेच पेराव्यात. करवंदाच्या बीची उगवणशक्ती झपाट्याने घटते. मे महिन्यात काढलेले बी दिवाळीपर्यंत डब्यात ठेवले तर फारसे काही उगवत नाही. बी १ सेंमी.पेक्षा खोल पेरू नये. रोपाची वाढ हळू असते, म्हणून ते पिशवीत वर्षभर वाढवून पुढच्या पावसाळ्यात लावणे चांगले. बियांच्या झाडाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ येते आणि ते मूळ झाडासारखेच असेल याचा भरवसा नसतो.

एखाद्या जाळीचे फळ मोठे, कमी चिकाचे असेल आणि तेच हवे असेल तर गुटी कलम करावे. जून-जुलैत पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवर ३ सेंमी. रुंदीची साल गोलाकार काढावी, चीक फडक्याने पुसून कोरडा करावा, वरच्या कडेला मूळ फुटण्याचे संजीवक लावावे, ओल्या शेवाळाने किंवा काथ्याच्या भुशाने झाकून प्लॅस्टिक घट्ट बांधावे. चीक न पुसता बांधलेली गुटी बहुधा वाया जाते. जखमेवर चिकाचा थर वाळतो आणि मुळे फुटत नाहीत. दोन ते तीन महिन्यांत मुळे प्लॅस्टिकमधून दिसली की फांदी खाली कापून पिशवीत लावावी. साध्या छाट कलमांना मुळे फार कमी फुटतात. नुसत्या काड्या खोचून वई (झुडपांचे कुंपण) तयार होत नाही.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात गोव्याच्या हवामानाला जवळची. पंतनगरच्या पंत मनोहर, पंत सुदर्शन आणि पंत सुवर्णा या जाती उत्तरेतील आहेत.

वई की फळ? करवंदाचा जुना उपयोग कुंपणाचा. जांभ्याच्या गडग्याला लागून लावलेली करवंदीची वई मोकाट गुरांना आणि बकऱ्यांना चांगली अडवते. माकडांना ती अडवत नाही आणि बुडात फट राहिली तर रानडुक्कर घुसतेच. म्हणून वई बुडापासून दाट करणे ही खरी कामगिरी. दोन ओळी ६० सेंमी. अंतरावर, ओळीतील रोपे ७५ सेंमी.वर आणि एकमेकांच्या मधोमध येतील अशी लावावीत. १०० मीटरला सुमारे २७० रोपे लागतात. रोप ४५ सेंमी. झाले की शेंडा ३० सेंमी.वर कापावा. नवे धुमारे आणखी वीतभर वाढले की पुन्हा कापावे. हे न करता सरळ उंच जाऊ दिलेली वई वरून छत्रीसारखी पसरते आणि खालून कुत्रे, डुकरे आरपार जातात. चौथ्या वर्षापर्यंत ती दीड मीटर उंच आणि घट्ट होते.

फुले शेंड्यांना येत असल्याने काटकोनात रेखीव कापलेल्या वईला फळ जवळपास मिळत नाही. दोन्ही हवे असेल तर रस्त्याकडची बाजू कापावी आणि आतली मोकळी सोडावी. छाटणी फळे उतरली की लगेच, पावसाची झड लागण्यापूर्वी करावी; ऑक्टोबरनंतर कात्री लावली तर पुढचा बहर कापून टाकला असे समजावे. फक्त फळांसाठी लावायचे असल्यास अंतर ३ × ३ मीटर ठेवून मधल्या वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या दर वर्षी काढाव्यात. बऱ्या वाढलेल्या जाळीपासून हंगामात ३ ते ५ किलो फळ मिळते.

रोग व कीड. पावसाळ्यात पानांवर आणि कोवळ्या फांद्यांवर करपा येतो, शेंड्याकडून फांदी वाळत जाते. वाळलेला भाग खालच्या हिरव्या भागासह कापून जाळावा आणि सुपारीवर फवारतात तेच १ टक्का बोर्डो मिश्रण (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी) पावसाच्या उघडिपीत मारावे. पाने खाणाऱ्या अळ्या कोवळी पालवी फस्त करतात. घरगुती वईवर त्या हाताने वेचणे किंवा फांदी झटकणे पुरते. मेमधला वळीव फळाचा मोठा शत्रू. पिकलेली फळे भिजली की फुटतात आणि दुसऱ्या दिवशी आंबतात, त्यामुळे ढग जमू लागले की काळी फळे आधी उतरवावीत.

तोडणी. काळे फळ हलक्या हाताने सुटते. जाळीखाली जुनी चादर पसरून फांद्या आकडीने हलवल्या तर काट्यांत हात घालावा लागत नाही. कच्ची फळे मात्र देठासकट हातानेच तोडावी लागतात. काळी फळे दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाहीत, कच्ची आठवडाभर राहतात. बाजारात ती पानांच्या खोल्यांत (शंकूसारख्या पुड्यांत) मिळतात. अभयारण्याच्या हद्दीतून फळे किंवा रोपे आणणे वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय करता येत नाही. रोपे तर सड्यावरून उपटून आणून जगतही नाहीत, कारण सोटमूळ तुटते.

स्वयंपाकघरात. कच्च्या करवंदाचा चीक भांड्याला, सुरीला आणि दातांना चिकटतो. सुरीला खोबरेल लावावे. फळे चिरून ५ टक्के मिठाच्या पाण्यात (लिटरला ५० ग्रॅम) रात्रभर ठेवली की बराचसा चीक निघून जातो. तिखट लोणच्यासाठी बी कोवळे असतानाची फळे घ्यावीत. १ किलोला १५० ग्रॅम मीठ, ७५ ग्रॅम तिखट, ५० ग्रॅम मोहरीची डाळ, १५ ग्रॅम हळद, थोडी मेथी व हिंग आणि वर तरंगेल इतके गार केलेले तेल. पावसाळ्यासाठी नुसत्या मिठात ठेवायची तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात २०० ग्रॅम मीठ घ्यावे. करवंदे तरंगतात आणि वर राहिलेल्यांवर पांढरी बुरशी धरते, म्हणून त्यांवर स्वच्छ वजन ठेवून ती पाण्याखालीच दाबून ठेवावीत.

जेली करवंदाइतकी सहज फार थोड्या फळांची होते, कारण अर्धपक्व करवंदात पेक्टिन (रस घट्ट करणारा फळातला घटक) आणि आंबटपणा दोन्ही भरपूर. दोन भाग तांबूस आणि एक भाग काळी फळे घ्यावीत. सगळी काळी घेतली तर रंग सुंदर येतो पण जेली पातळ राहते. फळांच्या वजनाइतके पाणी घालून २०-२५ मिनिटे शिजवावे, कापडातून न पिळता गाळावे. पिळले की रस गढूळ होतो. चमचाभर गार रसात चमचाभर स्पिरिट घालून पाहावे, घट्ट गोळा जमला तर पेक्टिन पुरेसे. या चाचणीला फेणी चालत नाही, तिच्यातला मद्यार्क कमी पडतो. चाचणीचा रस टाकून द्यावा. लिटरभर रसाला ७५० ग्रॅम साखर घालून जोरात उकळावे आणि १०५ अंश सेल्सिअसला उतरवावे. भांडे स्टीलचेच हवे. लोखंडी कढईत रस काळपट पडतो.

बेकरीतील केकवर लावलेली ‘चेरी’ अनेकदा करवंदच असते. त्यासाठी उत्तरेकडील गुलाबी-पांढऱ्या, मोठ्या फळाच्या जाती वापरतात. बी काढून, मिठाच्या पाण्यात ठेवून, उकळून, खाद्यरंग देऊन ते दिवसागणिक दाट होत जाणाऱ्या पाकात मुरवतात. सड्यावरचे काळे करवंद लहान आणि जांभळ्या रसाचे असल्याने त्या कामाचे नाही. करवंदातील लोहाचे जे मोठे आकडे सांगितले जातात ते वाळवलेल्या फळाचे असतात. ओल्या फळात ८० टक्क्यांहून अधिक पाणीच असते.

कुळ एकच असले तरी गोव्याच्या अंगणांत दिसणारी तांबडी कण्हेर आणि पिवळी कण्हेर यांचे सर्व भाग विषारी आहेत. त्यांनाही चीक येतो आणि त्याही पाण्यावाचून हिरव्या राहतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे काटे : कण्हेरीला ते नसतात, करवंदाला असतातच.